पिंपळावरचा मुंजा आणि फोनमधला गॉब्लिन

या आठवड्यात कैरीच्या लोणच्याबद्दल लिहायचं मी कबूल केलं होतं. कैऱ्या जरा थांबतील. कळंब तालुक्यातल्या एका खेड्यातून एका भगिनीचं पाच पानी पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. त्यांच्या परवानगीनं, नावगाव गाळून, ते तुमच्यापुढे मांडते.

त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा. शाळेला सुट्टी लागल्यापासून वडिलांचा फोन त्याच्या हातून सुटत नाही. त्यात एक खेळ आहे. आपलं गाव वसवायचं, कोट बांधायचा, सोनं साठवायचं, आणि मग हिरव्या अंगाची, लांब कानांची बुटकी भुतं येऊन ते सोनं लुटून नेतात. त्यांना म्हणे गॉब्लिन म्हणतात. आता गेले पंधरा दिवस हे लेकरू रात्री झोपल्यावर तासा-दीड तासानं किंचाळत उठतं, डोळे उघडे पण ओळख नाही, 'आला, आला' करतं, आणि पाच-दहा मिनिटांनी आपलं आपणच झोपी जातं. सकाळी विचारलं तर त्याला काहीच आठवत नाही.

सासूबाई म्हणाल्या, हे फोनचं नव्हे, पोरगं तिन्हीसांजेला ओढ्याकाठच्या पिंपळाखालून आलंय, मुंजानं धरलंय. अंगारा झाला, दृष्ट काढून झाली. मग शेजारणीच्या ओळखीनं एक देवऋषी आला. तो म्हणाला, 'मुंजा नाही, गल्लीतल्याच बाईनं केलंय.' नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरजही पडली नाही. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत एक म्हातारी एकटीच राहते. नवरा गेला, लेक पुण्याकडे कामाला. मागे तिनं या मुलाच्या गालावरून हात फिरवला होता आणि 'किती गोड लेकरू' म्हणाली होती. झालं! आता गल्लीतली पोरं तिच्या दारावरून 'हडळ, हडळ' ओरडत पळतात, आणि परवा कुणीतरी तिच्या पत्र्यावर दगड टाकला.

पत्राच्या शेवटी बाई विचारतात, 'ताई, फोन काढून घेऊ का? की अंगारा चालू ठेवू?'

बाईंनी दोन प्रश्न विचारलेत. तिसरा त्यांनी विचारलेला नाही, पण तो पाचही पानांत आहे. त्या म्हातारीचं काय? खरं सांगायचं तर मला लेकरापेक्षा तिची काळजी जास्त वाटते. लेकराच्या उशाशी आई आहे.

पण आधी त्या हिरव्या पाहुण्याची चौकशी करू. घरात शिरलेला माणूस कुणाकडचा, कुठला, हे आपण विचारतोच की!

गॉब्लिन हा मूळचा युरोपातला. तिकडच्या खेड्यापाड्यांत शेकडो वर्षं आजीबाई त्याच्या गोष्टी सांगत आल्या. त्याचं सगळंच खानदान वाईट होतं असं समजू नका. स्कॉटलंडात त्याचा एक चुलतभाऊ होता, ब्राउनी. तो रात्री सगळी निजली की चोरपावलांनी यायचा आणि राहिलेलं घरकाम उरकून जायचा. दळण, झाडलोट, दुधाचं काम, सगळं. त्याबद्दल चुलीपाशी वाटीभर साय नाहीतर दूध ठेवायचं, बस्स. मात्र त्याला अंगावरचे कपडे दिले की तो रुसून कायमचा निघून जायचा. (मी तर म्हणते, असं एखादं भूत आमच्याकडे लागीर झालं तर मी देवऋष्याला दारातूनच परत पाठवीन.) ज्यांच्या घरी हॅरी पॉटरची पुस्तकं आहेत त्यांना मोजा मिळाल्यावर सुटका झालेला तो घरगडी आठवेल. त्याची गोष्ट या ब्राउनीवरूनच आली.

जर्मनीतल्या खाणकामगारांचा भुतोबा होता कोबोल्ड. चांदीसारखा दिसणारा एक दगड खाणीत सापडायचा, भट्टीत घातला की चांदी तर मिळायची नाहीच, उलट विषारी धूर निघून माणसं आजारी पडायची. कामगार म्हणायचे, कोबोल्डानं चांदी चोरली आणि हा भिकार दगड ठेवला. १७३५च्या सुमारास गेओर्ग ब्रांट नावाच्या स्वीडिश रसायनतज्ज्ञानं त्या दगडातून एक नवा धातू ओळखला. त्या धातूला नाव मिळालं कोबाल्ट, त्या भुताचंच. धूर विषारी होता तो त्या दगडातल्या सोमलामुळे. आणि गंमत बघा, आपल्या मोबाईलच्या बॅटरीत आज हाच कोबाल्ट वापरला जातो. म्हणजे गॉब्लिन फोनमध्ये आहे असं पोरगं म्हणालं तर ते अगदीच खोटं नाही!

पुस्तकात गॉब्लिन ठळकपणे आला तो १८७२ साली, जॉर्ज मॅकडोनल्ड नावाच्या स्कॉटिश लेखकाच्या एका मुलांच्या कादंबरीत. त्यात डोंगराच्या पोटात गॉब्लिन राहतात. लोक सांगतात की पूर्वी ते वर उन्हातच राहणारे, माणसांसारखेच होते. राजाशी त्यांचं बिनसलं, त्यानं जाच केला, म्हणून ते जमिनीखाली गेले आणि अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहून असे वेडेवाकडे झाले. त्यांचा एक कमकुवतपणा आहे. पाय फार नाजूक. आणि त्यांना कविता सहन होत नाहीत. खाणीत काम करणारा एक मुलगा मोठ्यानं गाणी म्हणत त्यांच्या पायांवर पाय देतो आणि ते पळत सुटतात. मला हे वाचून आपली तिन्हीसांजेची रामरक्षा आठवली. अंधारात घाबरलेल्या लेकरानं मोठ्यानं काहीतरी ठेक्यात म्हणायचं, हे औषध दोन्हीकडच्या आज्यांना ठाऊक होतं.

पुढे १९३७ साली टॉल्किन यांच्या 'हॉबिट'मध्ये गॉब्लिन आले, क्रूर आणि झुंडीनं राहणारे. आणि १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी एक खेळ काढला, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. आपला सारीपाट जसा फासे टाकून खेळतात तसाच हाही टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा, फक्त सोंगट्यांऐवजी प्रत्येकजण एक वीर व्हायचा. नवशिक्या वीराला मारायला सोपं असं काहीतरी हवं. तिथे गॉब्लिनची नेमणूक झाली. पुढे हे खेळ संगणकावर गेले, तिथून फोनवर आले. फिनलंडमध्ये तयार झालेला आणि २०१२ साली आलेला 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या पोरांनाही पाठ आहे. त्यात सोनं दिसलं की बाकी सगळं सोडून धावत सुटणारा तो हिरवा गॉब्लिनच.

यातली एक गोष्ट मला खटकते. मॅकडोनल्डच्या गॉब्लिनांना राजा होता, राणी होती, त्यांचं काही दुःख होतं. खेळातल्या गॉब्लिनला नाव नाही, आई नाही, गाव नाही. शंभर मारले तरी शंभरांतला एकही आठवत नाही, आणि तो तसा बनवलाय तो मारताना हात थांबू नये म्हणूनच. हे तिकडच्या लेखकांच्याही लक्षात आलंय बरं का! इंग्रज विनोदी लेखक टेरी प्रॅचेट यांनी २०११ साली 'स्नफ' नावाची कादंबरी लिहिली. त्यात लोक गॉब्लिनांना उंदीर-घुशींच्या मोलाचं समजतात, आणि एका गॉब्लिन मुलीनं मोठ्या सभागृहात वीणेसारखं वाद्य वाजवल्यावर ऐकणाऱ्यांना लाज वाटते. २०१४ साली आलेल्या दुसऱ्या एका कादंबरीत तर गॉब्लिन आईचा मुलगाच बादशहा होतो. मुलं जरा मोठी झाली की असली पुस्तकं त्यांच्या हाती द्यावीत.

आता आपल्या घराकडे वळू. राक्षसांचं वावडं आपल्या जिल्ह्याला कधीच नव्हतं. जिल्ह्याचं नाव २०२३ साली सरकारी कागदावर धाराशिव झालं, पण म्हातारी माणसं तेच नाव आधीपासून घेत होती, आणि आख्यायिका सांगते की ते धारासुर नावाच्या दैत्यावरून आलं. त्याला मारलं ती देवी धारासुरमर्दिनी, तिचं देऊळ आजही गावात आहे. एस.टी.च्या पाटीवर आपण एका असुराची आठवण रोज मिरवतो! तुळजापूरची आई तर महिषासुरमर्दिनीच. तिच्या कथेत कर्दम ऋषींच्या विधवा पत्नीला, अनुभूतीला, कुकुर दैत्यानं छळलं आणि तिच्या हाकेला धावून आली ती त्वरिता, म्हणजे तुरजा. जरा थांबून बघा. छळ झाला तो एकट्या राहणाऱ्या विधवेचा, आणि देवी उभी राहिली ती तिच्या बाजूनं.

नळदुर्ग-अणदूरचा खंडोबा घ्या. देव वर्षातले काही महिने नळदुर्गला आणि बाकीचे अणदूरला मुक्कामाला असतो. त्यानं मणी आणि मल्ल या दैत्यांना मारलं. पण मणीनं मरताना क्षमा मागितली, देवाजवळ जागा मागितली, आणि ती त्याला मिळाली. मल्लाचं नाव तर देवाच्याच नावात जाऊन बसलं. 'मल्हारी' म्हणताना आपण मल्लाचंही नाव घेतोच. आपल्या दैत्यांना नाव आहे, हट्ट आहे, शेवटी देवळाच्या आवारात जागाही आहे.

भुतांचंही तेच. गावाच्या शिवेवरचा शेंदूर लावलेला वेताळ भुतांचा राजा खरा, पण राखणदारही तोच. गोव्यात प्रियोळ, आमोणे अशा गावांत त्याची रीतसर देवळं आहेत, आणि रात्री गावाची राखण करणाऱ्या देवचाराला तिथे रोट देतात. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. कुणाचं तरी लेकरूच की ते! म्हणून तो खोड्या काढतो, वस्तू लपवतो, खडे मारतो, असं जुन्या बायका सांगायच्या. पिंपळावरच तो का? पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचीक असतो, वाऱ्याची अगदी हलकी झुळूक आली तरी पानं सळसळतात, पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. अंधारात एकट्या माणसाला तेवढं पुरतं. चकव्याची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल, माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच बांधावर येतो. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना अनोळखी रानात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगून पाहिलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. तो झाकला गेला की कळत नकळत गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर आली. भुताची गरज पडली नाही.

बायकांच्या भुतांची यादी मात्र वाचवत नाही. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. सवाष्ण गेली, इच्छा राहिली ती जखीण. आणि हडळ, तिची पावलं उलटी. ही सगळी नावं कुठून आली? दवाखाना कोसभर दूर, सुईण उशिरा आलेली, रक्त थांबेना, आणि पंधरा-सोळा वर्षांची पोर गेली. तिला घरानं जिवंतपणी पोटभर खाऊ दिलं नाही ही बोच मनात, मग ती रात्री येते असं वाटणारच. पुरुष मेला तर ब्रह्मसमंध, त्यालाही मागे 'ब्रह्म' लागतं. असो. मेलेल्या बायकांची ही नावं आता जिवंत म्हातारीला लावायची, आणि तीही पोरांच्या तोंडून, हे मला सहन होत नाही.

मराठवाड्यात हे नवं नाही. 'भानामती' हा शब्द आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतो. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, अन्नात घाण सापडते, बायका घुमतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी अशा घरांत जाऊन, बसून, प्रत्येकाशी बोलून शोध घेतला तेव्हा बहुतेक वेळा घरातलंच एखादं गांजलेलं माणूस हे करताना सापडलं, आणि पुष्कळदा ती सून किंवा वयात आलेली मुलगी होती. तिला बोलायला दुसरी जागाच नव्हती. पण शोध लागेपर्यंत दोष कुणावर जायचा? गल्लीच्या टोकाला राहणारीवर.

म्हणून कायदा आला. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. आपण बायकांनी तो माहीत करून घ्यायला हवा. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, तिच्यामुळे रोगराई आली, असं सांगून तिला त्रास देणं हा गुन्हा आहे. भूत उतरवतो म्हणून मारणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं, हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र. या कामासाठी पोलिसांत दक्षता अधिकारी नेमायची तरतूदही कायद्यातच आहे. देवपूजा, वारी, कीर्तन, घरातले कुळाचार यांना या कायद्याचा काहीही धक्का नाही. सासूबाईंना हे आधी सांगा, म्हणजे त्या पुढचं ऐकतील.

आता लेकराचं. पत्रात लिहिलंय ते वाचून मला तरी हे रात्रभयासारखं वाटतं. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल एकदम किंचाळून उठतं, घामेजतं, आईलाही ओळखत नाही, आणि सकाळी काही आठवत नाही. वाईट स्वप्न पडलं तर मूल जागं होतं, बिलगतं आणि काय दिसलं ते सांगतं. इथे तसं होत नाही. साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांना असं होऊ शकतं, आणि बहुतेकांचं वाढत्या वयाबरोबर आपोआप थांबतं. झोप अपुरी पडली, अंगात ताप असला, मन धास्तावलेलं असलं की जास्त होतं. अशा वेळी त्याला गदागदा हलवून जागं करू नका, तोंडावर पाणी मारू नका, मोठा दिवा लावून दहाजण गोळा होऊ नका. पडणार-झडणार नाही एवढं बघा, शेजारी बसा, हळू आवाजात बोलत राहा. सकाळी त्यावर पंचाईत नको. आणि एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर बालरोगतज्ज्ञाला जरूर दाखवा. हातपाय झटके देत असतील, जीभ चावली जात असेल, अंथरुणात नकळत लघवी होत असेल, तर मुळीच थांबू नका. ते फेफरंही असू शकतं आणि त्यावर औषध आहे.

फोन एकदम हिसकावून घेऊ नका. चोरून खेळेल, ते वाईट. वेळ ठरवा, आणि झोपण्याआधी निदान एक तास फोन कपाटात. एकदा स्वतः त्याच्या शेजारी बसून खेळ बघा, 'हा कोण रे? हा कुठे राहतो? याला जेवायला कोण घालतं?' असं विचारा. आमच्या घरातल्या एका पोरानं असल्या प्रश्नांवर गॉब्लिनचं नाव 'बबन' ठेवलं होतं. बबनला कोण भिणार? त्याला कागदावर काढायला लावा, पायात चपला घाला, डोक्याला टोपी घाला. आणि हो, खेळातली रत्नं खऱ्या पैशांनी विकत मिळतात. फोनवर खरेदीसाठी गुप्त आकडा लावून ठेवा, नाहीतर खतासाठी ठेवलेले पैसे गॉब्लिनच्या खजिन्यात जायचे.

खेळायचंच असेल तर घरात थोडी निवडही करता येते. पुण्यातल्या काही तरुणांनी २०२० साली 'राजी' नावाचा संगणक-खेळ काढला. त्यात राजी ही मुलगी दुर्गेकडून त्रिशूळ मिळवून महाबलासुराच्या तावडीतून आपल्या धाकट्या भावाला सोडवायला निघते. राखी बांधून घेणाऱ्या भावांनी खेळावा असाच आहे. सिनेमांचं मात्र सांभाळून. 'तुंबाड' (२०१८) मध्ये कणकेच्या बाहुल्यांवर तुटून पडणारा हस्तर आहे, तो सिनेमा मोठ्यांचा. त्या नावाचा देव आपल्या पुराणांत शोधू नका, तो सिनेमावाल्यांनी घडवलेला. 'मुंज्या' (२०२४) पोरं हट्टानं बघतात, आणि नंतर महिनाभर परसाकडे एकटी जात नाहीत.

आपण लहानपणी 'चांदोबा' वाचला. विक्रमाच्या पाठीवरचं प्रेत, हातात तलवार, भोवती स्मशान, शंकर यांनी काढलेलं ते चित्र आजही डोळ्यांपुढे आहे. पण त्यानं रात्री झोप उडाल्याचं मला आठवत नाही. मला वाटतं, गोष्ट संपायची, वेताळ एक प्रश्न विचारायचा, आणि आम्ही भावंडं त्या प्रश्नावर भांडत बसायचो. भ्यायला सवड कुणाला होती! शिवाय वाचून दाखवणारं माणूस शेजारी असायचं. फोनमधला गॉब्लिन रात्री दहाला, पांघरुणात, एकट्या लेकराला भेटतो.

आणि मैत्रिणींनो, बागुलबुवाचं काय? 'जेव, नाहीतर बागुलबुवा येईल', 'गप बस, नाहीतर म्हातारी धरून नेईल' हे आपणच म्हणतो ना? मीही म्हटलंय. चार घास लवकर जातात खरे. पण त्या 'म्हातारी'चा चेहरा लेकराला मग गल्लीच्या टोकाला दिसतो.

अंगाऱ्याबद्दल विचारलंत. सासूबाईंनी प्रेमानं कपाळाला बोट लावलं, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, तर त्यावरून घरात भांडण नको. आजीचा हात कपाळाला लागला की लेकराला बरंच वाटतं. पण अंगारा पोटात द्यायचा नाही, दवाखान्याऐवजी द्यायचा नाही, आणि देवऋषी परत आला तर दारातूनच, हात जोडून, वाटेला लावायचा. पैसे देऊ नका. 'कुणी केलंय' हे वाक्य तुमच्या उंबऱ्याच्या आत परत उच्चारलं जाणार नाही, एवढं नवऱ्याकडून कबूल करून घ्या. सासूबाईंना एक काम द्या. मुंजाची गोष्ट त्यांनी नातवाला सांगावी, पण दिवसाउजेडी, त्याच पिंपळाच्या पारावर बसून, शेंगदाणे खात.

राहिली ती म्हातारी. बाई, हे तुम्हालाच करायचं आहे, आणि लवकर. उद्या सकाळी लेकराला हाताशी धरून तिच्याकडे जा. रिकाम्या हातानं नको, पण काही देण्यापेक्षा काही मागा. विरजण मागा, नाहीतर तुमच्याकडचं बिघडलेलं लोणचं दाखवून 'आत्या, याचं काय चुकलं बघा बरं' असं विचारा. गल्ली बघत असेल, बघू दे. मुलाला तिच्या हातून काहीतरी खाऊ घ्यायला लावा आणि तिथेच, सगळ्यांसमोर खायला लावा. दगड परत पडला तर आशाताईंना आणि सरपंचांना सांगा, आणि तरीही थांबलं नाही तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. तिच्या लेकाचा पुण्यातला नंबर मिळाला तर त्यालाही एक फोन करा. आईला असं काही होतंय हे त्याला बहुधा कुणी कळवलंच नसेल.

मला पत्र पाठवा, पुढे काय झालं ते. आणि लोणचं खरंच बिघडलं असेल तर तेही लिहा, पुढच्या आठवड्यात कैऱ्याच आहेत.